खुल्या मैदानातलं रहस्य

दिवाळी अंकासाठी आलेली एक रहस्य-कादंबरी गेल्या आठवड्यात एका बैठकीत वाचून संपवली आणि मन खट्टू झालं. विषय आपल्या दिंडोरीचा. सुरतेच्या लुटीतला गुप्त खजिना, सांकेतिक ताम्रपट, तीनशे वर्षं पहारा देणारी संघटना आणि शेवटी भुयार. मात्र यात दिंडोरी कुठेच नाही. गावाचं नाव बदललं तरी एकही वाक्य हलणार नाही.

खरं तर इथे जे घडलं त्यात काय कमी होतं? 3 ऑक्टोबर 1670 ला शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. बागलाणमार्गे परतताना मोगल सरदार दाऊदखान कुरेशी पाठीवर आला. महाराजांनी लूट पुढे काढून दिली आणि 17 ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या मुलखात मोगलांना उघड्या मैदानात तोंड दिलं. मोगलांचा सरदार इखलासखान घायाळ होऊन घोड्यावरून पडला. गनिमी काव्यासाठी ओळखलं जाणारं सैन्य इथे समोरासमोर लढलं आणि जिंकलं. मोगलांच्या बाजूने हा प्रसंग पाहणाऱ्या भीमसेन सक्सेनाने तो फारसीत लिहूनही ठेवला आहे. शत्रूच्या छावणीतला लेखनिक! याहून चांगला निवेदक कोणत्या कादंबरीकाराला मिळेल?

ही कादंबरी आम्ही परत पाठवली. लेखकमित्रांनो, आधी सभासदाची बखर आणि भीमसेनाचा वृत्तांत वाचा, एकदा वणीच्या वाटेने पायी चाला आणि मग लिहा. अंकाची पानं तुमच्यासाठी राखून ठेवतो.