मोकळे रान, पण कोणते?

पडद्यावरचा खेळ निवडताना हल्लीची मुले पहिला प्रश्न विचारतात तो ‘नकाशा केवढा?’ हा. ज्या खेळांत ठरलेल्या वाटेने एकामागून एक पातळ्या ओलांडाव्या लागत नाहीत, एका विस्तीर्ण प्रदेशात हवे तिकडे भटकता येते, त्यांना ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. आपण त्यांना मोकळ्या रानाचे खेळ म्हणू. सुटी लागली की घरोघरी वाद सुरू होतो : हा घ्यायचा की तो? नवा, गाजलेला खेळ काही हजारांना पडतो, आणि तो पुरता खेळायचा तर शंभर तासही सहज जातात. रोज एक तास धरला तरी सव्वातीन महिने! पैसे पुन्हा मिळवता येतात, हे महिने येत नाहीत. तेव्हा हा निर्णय जाहिरातीवर सोडून देण्याइतका क्षुल्लक नाही.

मोठे ते चांगले, हा समज आधी डोक्यातून काढला पाहिजे. १९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन तरुणांनी ‘एलीट’ नावाचा खेळ तयार केला. ज्या संगणकावर तो चालत असे त्याची स्मरणशक्ती होती अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे. खेळाडूच्या हाती एक यान आणि शंभर नाण्यांचे भांडवल दिले की खेळाचे काम संपले. पुढे सचोटीने व्यापार करा नाहीतर चाचेगिरी करा; तुमचे तुम्ही ठरवा. मोकळेपणा लागतो तो निर्णयाचा. जागेचा प्रश्न त्यानंतर येतो.

याच्या उलट उदाहरण १९९६ च्या ‘डॅगरफॉल’चे. त्यातला भूभाग ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे त्याचे निर्माते सांगत. गावे हजारो, पण गणिती सूत्राने पाडलेली; एक पाहिले की पुढची शंभर पाहिल्यासारखीच. त्याच मालिकेतला २००२ चा ‘मॉरोविंड’ त्या मानाने चिमुकला, एका बेटापुरता. पण ते बेट माणसांनी हाताने रचलेले होते. आजही जुने खेळाडू त्याची आठवण काढतात ती जिव्हाळ्याने.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. कित्येक खेळांत नकाशा उघडला की त्यावर शेकडो खुणा दिसतात. इथे पेटी, तिथे पीस, पलीकडे मनोरा. खेळाडू एकेक खूण गाठतो, ती पुसली जाते, टक्केवारी वाढते. बँकेत वर्षअखेरीला आम्ही नोंदींवर बरोबरच्या खुणा करीत बसायचो, त्याहून हे फारसे वेगळे नाही. आम्हाला निदान त्याचा पगार मिळत असे! रविवारची दुपार मुलाने कारकुनीत घालवावी आणि तिला साहस म्हणावे, हे काही पटत नाही.

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने २०१७ साली वेगळी वाट धरली. सुरुवातीलाच एका पठारावरून सारा मुलूख दिसतो, आणि दूर शत्रूने ग्रासलेला किल्लाही. पठारावरची कामगिरी आटोपली की सरळ किल्ल्यावर चाल करून जा किंवा महिनोन्‌महिने डोंगर चढत राहा, कोणी हटकत नाही. पाऊस पडला की कडे निसरडे होतात, वीज चमकू लागली की अंगावरचे लोखंड उतरवावे लागते. ‘झेल्डा’ मालिकेचे जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावाच्या परिसरातली राने आणि गुहा धुंडाळत असत. १९८६ च्या पहिल्या खेळाचे बीज त्यांनी तिथेच सांगितले आहे. मोठ्या माणसाने आपले बालपण मुलांच्या हाती द्यावे, तसा हा प्रकार आहे.

मोठ्यांसाठी मी पोलंडच्या ‘द विचर ३’चे नाव घेईन. आंद्रेई सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवर आधारलेला हा खेळ २०१५ साली आला. त्यात एक दारुडा सरदार भेटतो. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेलेली. त्यांना शोधायला निघालेल्या आपल्याला हळूहळू उमगते, की त्या का गेल्या. पुढे जो निर्णय घ्यावा त्याचा कुणाला तरी चटका बसतो, निर्मळ सुटका कशातच नाही. चांगली कादंबरी याहून वेगळे काय करते?

पण हा खेळ अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही. वेष्टनावरचा वयाचा आकडा पालक पाहतच नाहीत, ही आपल्याकडची खरी अडचण. युरोपच्या वर्गवारीत ‘विचर ३’ आणि २०१३ चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ यांवर १८, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’वर १२ आणि ‘माइनक्राफ्ट’वर ७ हा आकडा आहे. सिनेमाचे प्रमाणपत्र पाहणाऱ्या घरांत हा आकडा दुर्लक्षित का राहावा?

कुणी म्हणेल, खेळ तो खेळ, त्यात इतकी चिकित्सा कशाला? वाटेत पाच मिनिटे रमवणारा खेळ असेल तर खरेच नको. पण शंभर तास ज्या जगात राहायचे, ते निवडताना घर भाड्याने घेण्याइतकी तरी चौकशी करावी. खुणा पुसण्याव्यतिरिक्त तिथे काय करता येते? आपण घेतलेल्या निर्णयाने तिथे काही बदलते का? आणि घरातले दुसरे कुणी शेजारी बसून पाहू शकेल का? प्राचीन इजिप्तमध्ये घडणाऱ्या ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ला २०१८ साली एक जोड मिळाली. तीत लढाया नाहीत, आहेत त्या केवळ ७५ मार्गदर्शित सहली. आजी-आजोबांनीही नातवंडांबरोबर पिरॅमिड पाहावेत अशी ती सोय आहे.

या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मुलांकडूनच मागावीत. ती देता देता निम्मी यादी त्यांची तीच खोडतील, आणि उरलेल्यातला खेळ खऱ्या अर्थाने त्यांनी निवडलेला असेल.