दीपनगरचा दिवा कोणी राखायचा?

गेल्या महिन्यात भुसावळला करिअर मार्गदर्शनाच्या एका बैठकीत बीसीएच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी उठली. तिने विचारलं, ‘‘सर, सायबर सिक्युरिटी शिकून सरकारच्या गुप्तचर खात्यात जाता येतं का? आपल्याला घेतात का?’’ मी तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतले एक चाचा बोलले, ‘‘बेटी, तिथं आपल्याला कोण घेतंय? आणि घेतलंच तर आपल्याच पोरांच्या मागं लावतील.’’ सगळे हसले. मुलगी खाली बसली.

त्या हसण्याच्या विरोधात मी हे लिहितोय. चाचांच्या एका वाक्यात दोन वेगळे आक्षेप होते आणि दोन्हींत थोडं खरं आहे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष, म्हणजे ‘त्या वाटेला जाऊच नका’, हा आपल्या समाजाने स्वतःच्या हाताने लावून घेतलेला कडीकोयंडा आहे.

आधी हे काम काय असतं ते बघू. मी दीपनगरच्या कॉलनीत वाढलो. अब्बा औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणीच्या विभागात होते. जुने २१० मेगावॅटचे संच, मग ५०० मेगावॅटचे दोन, आता ६६० मेगावॅटचा नवा. लहानपणी कंट्रोल रूम म्हणजे भिंतभर काटे आणि दिवे. आज तिथे स्क्रीन आहेत. बॉयलरचा दाब, टर्बाइनचा वेग सगळं संगणकाच्या जाळ्यावर चालतं, आणि ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून किती वीज घ्यायची ते ठरतं. म्हणजे चोराला आता कुंपणावरून उडी मारायची गरज उरलेली नाही. कंत्राटदाराचा एक पेन ड्राइव्ह किंवा कोणीतरी उघडलेला एक ईमेल पुरतो. इराणच्या नतांझ प्रकल्पातली यंत्रं बिघडवणारा स्टक्सनेट २०१० मध्ये उघड झाला. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये सव्वादोन लाख ग्राहकांची वीज दूरवरून बंद केली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या संगणकात मालवेअर सापडल्याचं महामंडळाला मान्य करावं लागलं.

आणि मुंबई. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली, तीही कोरोनाच्या दिवसांत. १ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सायबर हल्ल्याची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक होती. राज्य एक सांगतं, केंद्र दुसरं. खरं काय ते ठरवायला सर्व्हरच्या नोंदी वाचता येणारी माणसं लागतात. मी पुण्यात एका खाजगी कंपनीत कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणांची राखण करतो. अशी माणसं किती कमी आहेत ते रोज बघतो.

आता मुख्य गोष्ट. देशातल्या वीज, बँका, दळणवळण अशा कळीच्या यंत्रणांची राखण करायला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-अ खाली जानेवारी २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी हे केंद्र नेमलं गेलं. ते चालतं एनटीआरओच्या छत्राखाली, आणि एनटीआरओ ही तांत्रिक गुप्तचर संघटना आहे. म्हणजे दीपनगरच्या दिव्याची राखण शेवटी ज्या छपराखाली होते, त्याच छपराखाली हेरगिरीचंही काम चालतं. राखण आणि नजर एकाच घरात राहतात. चाचांना हे घर नको वाटतं, ते मी समजू शकतो. पण त्या घराने राखलेल्या विजेवर आपल्या मशिदीतला पंखाही फिरतो आणि जळगावच्या दवाखान्यातलं व्हेंटिलेटरही.

पहिला आक्षेप : आपल्याला घेत नाहीत. २००६ च्या सच्चर समितीने लिहिलं की मुस्लिमांचं लोकसंख्येतलं प्रमाण १३.४ टक्के, पण आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४. गुप्तचर संघटनांचा असा आकडा जाहीरच होत नाही. १ जानेवारी २०१३ रोजी आसिफ इब्राहिम आयबीचे संचालक झाले, तेव्हा त्या पदावरचे ते पहिले मुस्लिम होते. आपल्या सभांमध्ये असं एखादं नाव घेऊन टाळ्या मिळवतात. एका नावाने दार उघडं आहे हे सिद्ध होत नाही. पण दार बंद आहे असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो : आपल्यापैकी किती जणांनी ठोठावलं? २०२३ मध्ये आयबीने एसीआयओच्या तांत्रिक पदांसाठी गेट परीक्षेचे गुण धरून भरती केली. आपल्या मोहल्ल्यातल्या किती पोरांना ती जाहिरात दिसली? अर्जच नसेल तर नाकारलं कोणी?

मी ठोठावलं होतं. इंजिनिअरिंगनंतर एका सरकारी खात्याच्या तांत्रिक पदासाठी निवड झाली, मग पडताळणी. दोन हवालदार कॉलनीत आले. शेजारच्या काकूंना विचारलं, पोरगा कुठे जातो, कोणात बसतो. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, ‘‘आमच्याच घरात वाढलाय.’’ त्यानंतर पत्र आलंच नाही. दोनदा विचारलं, उत्तर नाही. धर्मामुळे नाकारलं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. कारण न सांगता नाकारायची मुभा असली की दोन्ही बाजूंना संशयच पोसला जातो. ज्याला नाकारलं त्याला वाटतं नावामुळे, आणि शेजारपाजारी म्हणतात काहीतरी असेलच.

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच दिलंय. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला, तो पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कामात होता असं पोलिसांनी कळवलं म्हणून नोकरीवरून काढलं. न्यायालयाने त्याची बाजू घेतली. माणसाच्या जुन्या राजकीय विचारांवरून, पोलिसांच्या गुपचूप अहवालावर, त्याला सरकारी नोकरी नाकारता येत नाही. संघाच्या माणसाला मिळालेलं ते संरक्षण योग्यच होतं. भुसावळच्या मुलीला नेमकं तेवढंच हवंय, तसूभरही जास्त नको.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ‘आपल्याच पोरांच्या मागं लावतील.’ धुळ्याहून मालेगाव फार लांब नाही. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांसाठी नऊ मुस्लिमांना आरोपी केलं. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर त्यातला एक जण वारला होता. हे ज्यांनी पाहिलं त्यांना ‘यंत्रणेवर विश्वास ठेवा’ असं मी सांगणार नाही. चाचा सूरह हुजुरातचाही दाखला देतात, की तजस्सुस मना आहे. खरं आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावून ऐब शोधणं गुनाहच आहे. पण वीज केंद्राच्या कुलपाची राखण म्हणजे तजस्सुस नाही, तो पहारा आहे. आणि डोकावणं गुनाह आहे हे मनापासून मानणारा एकही माणूस त्या खोलीत नसेल, तर त्या खोलीत काय होईल?

मात्र आत जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. एखाद्या दिवशी वरिष्ठ म्हणतील, हा फोन बघ, हा संगणक उघड. तेव्हा कागद मागायचा. कलम ६९ आणि २००९ च्या नियमांप्रमाणे असा आदेश लेखी लागतो, आणि तो एरवी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवाचाच लागतो. तेवढ्याने भागत नाही हेही मला कबूल आहे, कारण त्या आदेशाची फेरतपासणी अधिकारीच करतात, न्यायाधीश नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२१ मध्ये पेगॅससच्या तपासासाठी सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं त्या समितीने कळवल्याचं पुढच्या वर्षी सरन्यायाधीशांनीच सांगितलं. आयबी कशी चालावी हे सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. मनीष तिवारींनी २०११ मध्ये खाजगी विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही.

म्हणून आपली मागणी एका वाक्यात मांडता येते : नाकारायचं तर लेखी कारण द्या, आणि नजर ठेवायची तर संसदेच्या कायद्याने, न्यायाधीशाच्या परवानगीने ठेवा. ही केवळ मुसलमानांची मागणी नाही. पोलिसांच्या अहवालाचा फटका काल संघवाल्या शिक्षकाला बसला, उद्या कोणालाही बसेल.

मागणी मान्य होईपर्यंत अर्ज थांबवायचा नाही. गेटची तयारी करा. पुण्याच्या सी-डॅकचा माहिती सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा बघा. पडताळणीच्या फॉर्ममध्ये काहीही लपवू नका. मोर्च्यातला किरकोळ गुन्हा नोंद असेल तर तोही लिहा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की माहिती खरी द्यावी, आणि मालकानेही गुन्ह्याचं स्वरूप बघूनच ठरवावं. प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. गुप्तचर संघटनांना माहिती अधिकारातून सूट आहे, तरी कलम २४ मध्ये मानवी हक्कभंग आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांना ती सूट लागू नाही. माझ्या वेळी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी गप्प बसलो नसतो.

आणि चाचा, तुमच्याशी शेवटचं. तुमचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. पण ती मुलगी खाली बसली ती सरकारमुळे नाही, आपल्या हसण्यामुळे बसली. पुढची जाहिरात आली की तिला बोलावून घ्या, आणि ती फॉर्म भरत असताना शेजारी बसा.