रुंद रस्ता पुरेसा नाही

टेकडीउतारावरील गृहप्रकल्पाला बारा मीटरचा रस्ता मिळाला की वाहतुकीचा प्रश्न मिटतो, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा दावा अपुरा आहे. रुंदीइतकाच चढ आणि वळण महत्त्वाचे. पाण्याने भरलेला अग्निशमन बंब तीव्र चढावर मंदावतो, अरुंद वळणावर अडतो. जाण्यायेण्याची वाट एकच असेल, तर दरड कोसळताच मदत आणि सुटका दोन्ही थांबतात. वाहतूक अहवालात मात्र बहुधा गर्दीच्या वेळी चौकात येणारी वाहनेच मोजलेली असतात. मुसळधार पावसातल्या रात्रीचा विचार नसतो.

रस्त्यासाठी उतार कापला की पाण्याचा मार्गही बदलतो. जून २०१३ मध्ये पुणे-सातारा महामार्गावर शिंदेवाडीजवळ टेकडीफोडीमुळे वळलेले पावसाचे पाणी रस्त्यावर लोटले आणि त्यात मायलेकी वाहून गेल्या. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला असलेली मनाई विकासाच्या आड येणारी नाही. ती माणसांच्या जिवासाठी आहे. परवानगीपूर्वी उतार, ओढे आणि दुसरी वाट यांची जागेवर तपासणी व्हावी, तीही भर पावसाळ्यात.