मोटारीच्या आंतील केर

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं महागांवासारख्या तालुक्याच्या गांवीं स्वतःची मोटार बाळगणारीं घरें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. आतां नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेस घटकाभर उभें राहून जाणाऱ्या गाड्या मोजूं म्हटलें तर पुरेवाट होते. शाळेच्या फाटकापाशींहि पालकांच्या मोटारी येऊन थांबतात. ह्या सुबत्तेबद्दल कोणास विषाद वाटण्याचें कारण नाहीं. परंतु गाडी बाहेरून जितकी चकचकीत तितकीच ती आंतून आहे काय, आणि असल्यास ती स्वच्छता कोणत्या मार्गानें साधली आहे, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावेसे वाटतात.

प्रथम आपल्याकडील केराचा स्वभाव ओळखला पाहिजे. आपली जमीन काळी, कापसाची. आषाढ-श्रावणांत तिचा चिखल पायतणास चिकटला म्हणजे पाऊल जड होतें, आणि तोच चिखल मोटारींत येतो. तो ओला असतां फडक्यानें पुसूं जाल तर पसरतो मात्र. पायपुसणीं बाहेर काढून उन्हांत वाळूं द्यावींत, मग आपटून झटकावींत व कुंच्यानें घासावींत. काळी माती वाळली म्हणजे ढलप्यांनीं सुटते. ओलीं पायपुसणीं तशींच आंत ठेविलीं तर त्यांखालीं बुरशी धरते, आणि काचा लावून गार हवेचें यंत्र सुरू केलें कीं तोच कुबट वास आंतल्या आंत फिरत राहतो. त्यावर सुगंधी द्रव्याची बाटली टांगणें म्हणजे न धुतलेल्या सदऱ्यावर अत्तर शिंपडणें होय. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली कीं गादीच्या शिवणींत तंतू अडकतात. उन्हाळ्यांत फुफाटा येतो व हवेच्या यंत्राची गाळणी कोंदते. ती काढून झटकण्यास पांच मिनिटें लागतात, पण अशी गाळणी आहे हेंच पुष्कळ मालकांस ठाऊक नसतें.

कोणी म्हणेल, हा केवळ टापटिपीचा प्रश्न आहे. तसें नाहीं. पायांपाशीं टाकलेली पाण्याची रिकामी बाटली उतारावर घरंगळत चालकाच्या पायाखालीं जाते आणि ब्रेकच्या पट्टीमागें अडकते. मग ब्रेक पुरता दाबला जात नाहीं. पायपुसणेंहि घात करूं शकतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत ऑगस्ट २००९ मध्यें एका मोटारींत भलत्याच गाडीचें पायपुसणें नीट न बसवितां घातलें होतें. त्यांत वेग वाढविण्याची पट्टी अडकली, गाडी आवरेना, व आंतील चारहि माणसें मरण पावलीं. त्यानंतर टोयोटा कंपनीनें त्या देशांतील सुमारें ३८ लाख गाड्या ह्याच कारणास्तव दुरुस्तीस बोलाविल्या. चालकाच्या पायांपाशीं कांहींहि सुटें पडूं देऊं नये, हा नियम घरांतील लहान मुलानेंहि वडिलांस ऐकविण्यास हरकत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. कित्येक मोटारी आंतून अगदीं निर्मळ असतात, कारण त्यांतला सर्व केर काचेवाटे रस्त्यावर जातो. केळ्याचें साल, कुरकुऱ्यांची पिशवी, चहाचे कागदी पेले असे एकामागून एक बाहेर पडतात. ही स्वच्छता नव्हे; हें केराचें स्थलांतर आहे. खरकटें लागलेली पिशवी चरणारी गाय गिळते. प्लास्टिक पोटांत जिरत नाहीं, तें सांचत जातें. ज्याच्या गोठ्यांतलें तें जनावर त्यास ही वस्तू कोणत्या मोटारींतून आली हें कधीं कळत नाहीं. अशा निर्मळ मोटारीपेक्षां, केर पिशवींत बांधून घरापर्यंत आणणारी धुळकट मोटार मला शतपटीनें पसंत आहे.

पण मनुष्याची खरी परीक्षा स्वतःच्या मोटारींत होत नाहीं, ती एस्. टी.च्या गाडींत होते. पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरास १ जून १९४८ रोजीं पहिली एस्. टी. निघाली. आपला जिल्हा त्या वेळीं दुसऱ्या प्रांतांत होता. आज मात्र तालुक्यांतील गरीबाचें वाहन तेंच आहे. तिच्या खिडकीखालीं खर्रा खाऊन मारलेली पिचकारी, बाकाखालीं शेंगांचीं टरफलें, हें दृश्य कोणास अपरिचित आहे? हा रोग जुना आहे. १९१७ सालीं महात्मा गांधींनीं मुंबईहून मद्रासेस तिसऱ्या वर्गानें प्रवास करून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. सबंध प्रवासांत डबा एकदांहि झाडला गेला नाहीं, असें त्यांत आहे. त्यांनीं रेल्वेस दोष दिला तसा प्रवाशांच्या संवयींसहि दिला. सरकारी गाडी कोणाचीच नाहीं, असें आपण मानतों; वस्तुतः तिकिटाचे पैसे देणारा प्रत्येक जण तिच्या स्वच्छतेचा वांटेकरी आहे.

केर करणारा एक व काढणारा दुसरा, ही वाटणी आपल्या हाडीं खिळली आहे. मालमोटारीवर मदतीस असणाऱ्या पोरास आपण ‘क्लीनर’ म्हणतों, आणि असें नांव कोणास दिलें कीं बाकीचे सर्व त्या कर्तव्यांतून मोकळे! गाडगे महाराज (१८७६-१९५६) आपल्याच वऱ्हाडांतले, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे. गांवांत शिरतांच ते हातीं खराटा घेत आणि कीर्तन रात्रीं करीत. हा क्रम त्यांनीं उलटा ठेविला नाहीं. त्यांच्या तसबिरीस हार घालणारे आज पुष्कळ आहेत.

शाळेच्या सहलीस दरवर्षीं एस्. टी.ची गाडी ठरविली जाते. परत आल्यावर मुलें उड्या मारून घरीं जातात आणि चालक-वाहक उरलेला पसारा पाहत बसतात. माझी सूचना अशी कीं, येत्या सहलीस जातांना प्रत्येक बाकामागें एक कापडी पिशवी टांगावी, आणि परतल्यावर शेवटच्या दोन रांगांतील मुलांनीं, म्हणजे जीं सर्वांत अधिक खातात त्यांनीं, गाडी झाडून मगच खालीं उतरावें. चाळीस-पन्नास बैठकांची गाडी झाडण्यास चौघांस पंधरा मिनिटें पुरतात. केरसुण्या शाळेंत आहेतच.