गलबते गेली, घाट राहिला

दिल्लीतील महाराष्ट्रीय मंडळांतून शिवजयंतीस जी भाषणे होतात, त्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे चुकत नाही. श्रीशिवछत्रपती हे भारतीय आरमाराचे जनक होत, हे ते वाक्य. टाळ्या पडतात, पोवाडा होतो, अल्पोपाहार होतो, आणि आम्ही सारे आपापल्या सरकारी निवासस्थानांकडे समाधानाने परततो. त्या वाक्याविषयी आमची तक्रार नाही. त्यामागोमाग जो प्रश्न यावयास हवा तो कधीच येत नाही, ही आमची तक्रार आहे. आरमार म्हणजे गलबते. गलबते कोणी तरी बांधली. कोठल्या तरी काठावर बांधली. तो काठ आज कोणत्या अवस्थेत आहे, आणि तेथील बांधणाऱ्यांच्या मागे काय उरले?

तो पहिला काठ कल्याणचा. उल्हास नदी जेथे खाडीचे रूप घेते तेथे हे गाव वसले आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासग्रंथात त्या बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. ऑक्टोबर १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. खाडीच्या तोंडावर दुर्गाडी उभी राहिली आणि तिच्या आश्रयाने जहाजबांधणीस आरंभ झाला. आरंभी कसबी माणसे हवी होती, म्हणून रुय लैतांव व्हियेगस ह्या पोर्तुगीजाच्या हाताखालील कारागीर कामास लाविले. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांची मने वळविली व ते काम टाकून निघून गेले. परंतु आरमार थांबले नाही. ज्या अर्थी थांबले नाही, त्या अर्थी आमच्याच सुतार-लोहारांनी, कोळ्या-भंडाऱ्यांनी ते कसब उचलले असले पाहिजे. परके गेल्यावर ज्यांनी काम पुढे चालविले त्यांपैकी एकाचेही नाव आम्हां भाषण करणाऱ्यांस ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्याची खंतही आम्हांस वाटत नाही.

ह्या काठाची उतरण एका दिवसात झाली नाही. खाडी गाळाने भरत गेली. लाकडाची जागा लोखंडाने व शिडाची जागा वाफेने घेतली. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणास पोहोचली. पुढे १८६३ साली बोरघाट व १८६५ साली थळघाट रुळांनी ओलांडला गेला, आणि ज्या देशमालामुळे खाडीस महत्त्व होते तो माल खाडीकडे न वळता थेट मुंबईस जाऊ लागला. कल्याण हे बंदर होते ते जंक्शन झाले. एवढ्यापुरते ते काळाचे चक्र होते, आणि काळाशी भांडण्यात शहाणपण नाही.

परंतु त्यानंतर जे घडले त्याचा दोष काळावर टाकता येणार नाही. नदीची वाट बदलली नव्हती. आम्ही तिचा उपयोग बदलला. उल्हासनगरातून येणारी वालधुनी रंगखात्यांचे व घरांचे सांडपाणी घेऊन खाडीस मिळू लागली. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथील कारखान्यांचा वाटा निराळाच. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने ह्या प्रदूषणाबद्दल तेथील नागरी व औद्योगिक संस्थांस मोठा दंड ठोठावला, तेव्हा ज्यांचे नाक शाबूत होते अशा प्रत्येक कल्याणकरास जे ठाऊक होते ते कागदावर आले. गलबते बांधणाऱ्यांचा धंदा वाफेने नेला. जाळे टाकणाऱ्यांचा धंदा सांडपाण्याने नेला. पहिल्यास आपण इतिहास म्हणतो. दुसऱ्यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

आता ह्या काठाचे पुनरुज्जीवन चालू आहे. २०१६ साली कल्याण-डोंबिवलीची निवड 'स्मार्ट सिटी' योजनेत झाली आणि खाडीकाठाच्या विकासास पैसा मिळाला. दुर्गाडीच्या पायथ्याशी आरमाराचे स्मारक उभारावयाचे ठरले व त्यासाठी नौदलाची 'टी-८०' ही जलद हल्ल्याची नौका आणून ठेवण्यात आली. १९९८ साली ती नौदलात आली आणि २०२१ साली निवृत्त झाली. तिने मुंबईच्या उथळ किनाऱ्यावर तेवीस वर्षे पहारा केला. तिच्यापुढे व तिच्यावरील सैनिकांपुढे आमचे मस्तक नम्रच आहे.

तरीही आम्हांस बोलणे भाग आहे. ती नौका इझ्राएलमध्ये बांधलेली आहे. जेथे साडेतीन शतकांपूर्वी परदेशी कारागीर सोडून गेले असता आपल्या माणसांनी गलबते पुरी केली, त्याच जागी जहाजबांधणीच्या स्मृतीसाठी परदेशी बांधणीची नौका चौथऱ्यावर चढवावी, यातला विरोध योजना आखणाऱ्यांपैकी एकासही जाणवला नाही काय? की जाणवला, पण टिपणात त्यासाठी रकाना नव्हता? नौका दिसते, तिचे छायाचित्र निघते, उद्घाटनाची फीत तिच्यापुढे बांधता येते. कसब दिसत नाही, त्याची फीत कापता येत नाही, म्हणून ते योजनेबाहेर राहते. ह्या घाईचे फळ आपण मालवणासही पाहिले. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोटावर अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि समोर समुद्रात सिंधुदुर्गाचा तट लाटा झेलीत उभाच होता. तट बांधणाऱ्यांस घाई नव्हती असे नव्हे; त्यांस काम येत होते.

आमचे व्यवहारदक्ष मित्र येथे म्हणतील, "मग तुमची इच्छा तरी काय? लाकडी गुराबा पुन्हा बांधावयाच्या आणि त्यांवर तोफा चढवावयाच्या?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गेलेला धंदा जसाच्या तसा परत येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु काठाचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ फरसबंदी, दिवे आणि बाके एवढाच मार्ग उरतो, हे आम्हांस मान्य नाही. कारण जगात इतरत्र दुसरे मार्ग लोकांनी चोखाळले आहेत.

ग्लासगो शहरात क्लाइड नदीकाठी गोव्हन नावाची जहाजकामगारांची वस्ती आहे. १९७१ साली सरकारने तेथील गोद्यांचा हात सोडला, तेव्हा कामगारांनी संप केला नाही. गोद्या ताब्यात घेऊन काम चालू ठेविले आणि सरकारास माघार घ्यावयास लाविले. आज त्या काठासमोर २०११ साली उघडलेले भव्य वाहतूक-संग्रहालय आहे, २०२४ साली नदीवर पादचाऱ्यांसाठी नवा पूलही झाला आहे. पण मुद्दा असा की, गोव्हनच्या गोदीत आजही युद्धनौका बांधल्या जातात. तेथील दारिद्र्य संपले असे कोणी म्हणणार नाही. तथापि संग्रहालय पाहावयास आलेल्या मुलास पलीकडच्या काठी आपला बाप कामास जाताना दिसू शकतो. स्मारक आणि काम एकमेकांच्या दृष्टीस आहेत.

दुसरे उदाहरण तर आपल्याच घरचे आहे. १८१७ साली वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यात उतरली. ती आजही तरते आहे. मात्र मुंबईत नव्हे, इंग्लंडातील हार्टलपूल येथे. जहाजबांधणी बंद पडलेल्या त्या गावाने जुन्या नौकांच्या जीर्णोद्धाराचे काम अंगावर घेतले, त्या निमित्ताने कारागिरांचे हात पुन्हा चालते केले, आणि २००१ पर्यंत हे जहाज पूर्ववत केले. आज प्रेक्षक पैसे देऊन ते पाहावयास जातात. मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या जहाजाने इंग्लंडातील एका उतरत्या गावास आधार द्यावा आणि आपल्या काठांस तो लाभू नये, ह्यात दैवाचा भाग थोडा व दृष्टीचा भाग मोठा आहे.

आणि हे आपल्याकडे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. संस्कृती मंत्रालयाच्या द्रव्यसाहाय्याने गोव्यात 'कौंडिण्य' हे काथ्याने शिवलेले शिडाचे जहाज बांधले गेले. अजिंठ्याच्या चित्रातील जहाज त्यासाठी डोळ्यांपुढे ठेविले होते. केरळातील बाबू शंकरन् यांच्या हाताखालील कारागिरांनी फळ्या शिवल्या. आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलाने ते आपले म्हटले. त्यात कारागिराचे नाव कागदोपत्री आले, त्यास मोल मिळाले. चित्र महाराष्ट्रातील लेण्यातले, बांधणी गोव्यातली, हात केरळचे. मग दुर्गाडीखाली वर्षास एक मचवा बांधणारी, दहा मुलांस वाकस आणि किकरे हाती धरावयास शिकविणारी एक शाळा चालविणे दिल्लीच्या आवाक्याबाहेरचे आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. चौथऱ्याच्या फरशीस जो खर्च येतो त्यापुढे हा खर्च फार मोठा नसावा.

परंपरेचे नाव घ्यावयाचे तर तिची सारी कलमे वाचली पाहिजेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे, आणि त्यात जहाजांच्या लाकडाविषयी जे सांगितले आहे ते प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. आंबे-फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविली आहेत, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे जीर्ण झाड हवे असल्यास धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्यास गलबतांची निकड असतानाही रयतेच्या झाडापाशी राज्याने थांबावे, ही ती परंपरा. आमचे नदीकाठाचे आराखडे काठावरच्या माणसापाशी थांबतात काय?

कल्याण दूर आहे असे ज्यांस वाटते त्यांनी दिल्लीतच डोळे उघडावे. १८६०-७० च्या दशकात लोखंडी पूल होईपर्यंत ह्या शहराची पूर्वेची वाट होड्यांच्या पुलावरून जात असे. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई त्याच पुलावरून आत आले. होड्यांचा पूल असेल तेथे होड्या बांधणारे व राखणारेही असणारच. आज वजीराबाद ते ओखला ह्या सुमारे बावीस किलोमीटरांत यमुना नदी म्हणून आत येते आणि नाला म्हणून बाहेर पडते. २००४ साली यमुना पुश्त्यावरील हजारो कुटुंबे हलविण्यात आली. नदी त्यांनी घाण केली, हे त्या वेळी दिलेले एक कारण होते. कुटुंबे गेली, नदी स्वच्छ झाली नाही. त्यानंतर काठांवर बागा झाल्या, बांबू लागले, कारंजी आली, आणि सकाळी फिरावयास जाणाऱ्या आम्हांस ती आवडतातही. परंतु बागेत उभे राहून नाकास रुमाल लावावा लागत असेल, तर उजळले काय? फक्त काठ.

येथे आमचे म्हणणे एका वाक्यात मांडतो. नदीकाठच्या वस्तीचा जीव पाण्यात आणि कामात असतो. ती दोन्ही मृत ठेवून केलेले पुनरुज्जीवन म्हणजे शवास घातलेला शेला होय.

हे आम्ही कोणास सांगत आहोत? मंत्र्यांस नव्हे, ते फीत कापतील. आम्ही आमच्याच वाचकांस सांगत आहोत, कारण ह्या अंकाचे कित्येक वाचक असे आहेत की ज्यांच्या मेजावरून नगरविकासाचे, जलशक्तीचे, संस्कृतीचे, बंदरांचे प्रस्ताव जातात. प्रस्तावात 'सुशोभीकरण' हा शब्द आला की आपली लेखणी सहज सही करून मोकळी होते. ह्यापुढे सहीपूर्वी तीन प्रश्न समासात लिहावे, एवढीच आमची विनंती. ह्या काठाचे पाणी योजनेअखेरीस किती शुद्ध होणार? ह्या काठावर पिढीजात काम करणारे किती, आणि योजनेअखेरीस त्यांतले किती कामावर राहणार? आणि ज्या कसबाचे हे स्मारक, ते शिकविण्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे? तिन्हींची उत्तरे कोरी असतील तर फाईल परत पाठवावी. वरिष्ठ रागावतील; बढती एखादे वर्ष लांबेलही. परंतु उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना हात अडखळणार नाही.

पुढच्या शिवजयंतीस ते एक वाक्य पुन्हा उच्चारले जाईल आणि आम्हीही टाळ्या वाजवू. फक्त त्या वेळी सभागृहात एखादा तरी महाराष्ट्रीय अधिकारी असा असावा की, ज्याने वर्षभरात अशी एक फाईल परत पाठविली असेल. गलबते बांधणाऱ्यांची नावे आपण हरविली. त्यांचे पाणी आणि त्यांचे काम ह्यांपैकी जे अजून हरवावयाचे राहिले आहे, ते आपल्या सहीने हरवू नये.