आधी अतिदक्षता कक्षात चला

इस्पितळात फ्युएल सेल, म्हणजे इंधन-घट, बसवावा की नाही हे ठरवायला आलेला तज्ज्ञ प्रथम विजेचे बिल मागतो. माझे भांडण या पहिल्या मागणीशीच आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९० च्या दशकात आपल्या तळांवर असे तीस घट बसवले. प्रत्येक फॉस्फरिक आम्लाचा, २०० किलोवॉटचा. कॅलिफोर्नियातील कँप पेंडलटन आणि मोहावी वाळवंटातील ट्वेंटीनाइन पाम्स येथील नौदलाची इस्पितळे त्यांतलीच. इलिनॉयमधील लष्करी बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली जागा पाहिल्या गेल्या, बचतीचे हिशेब मांडले गेले. या खटाटोपाची टवाळी मी करणार नाही. त्या मंडळींनी एक मर्म बरोबर ओळखले होते: घट जवळजवळ विजेइतकीच उष्णताही देतो, आणि ती वाया गेली तर हा महागडा पाहुणा पोसवत नाही. कचेरीला कढत पाणी लागते किती? इस्पितळाला मात्र धुण्याला, स्वयंपाकाला, रोग्यांच्या स्नानाला ते रात्रंदिवस हवे. वाळवंटातही हवे! शस्त्रक्रियागृहाची हवा गार करून तिच्यातला ओलावा काढला की तीच हवा पुन्हा थोडी ऊन करावी लागते. (हे ऐकून हसणाऱ्याने एकदा तिथल्या यंत्रखोलीत डोकावून यावे.)

येथवर ठीक. पण पुढे विक्रेता म्हणतो, गावची वीज गेली तरी इस्पितळ उजळलेले राहील. इथे मी त्याचा हात धरतो. जाळ्याला जोडलेला घट जाळे मेल्याबरोबर स्वतःला तोडून घेतो. न तोडला तर खांबावर चढलेला तारवाला जिवाला मुकेल. चालता घट इस्पितळाचा निवडक भार एकट्याने उचलू शकतो, परंतु त्यासाठी निराळ्या तारा हव्यात, निराळी स्विचे हवीत, आणि त्यांचे पैसे त्या गोड हिशेबात दिसले पाहिजेत. अमेरिकेचे नियम प्राणरक्षक मंडळांत दहा सेकंदांत वीज मागतात. डिझेलचे जनित्र ती देते. थंड पडलेला आम्लघट तासन्‌तास तापतच बसतो! शिवाय त्याचा वायू नळाने येतो. कॅलिफोर्नियात भूकंप होतात, हे काय मी सांगायला हवे?

आणि ते ‘धुराड्यातून नुसते पाणी’ प्रकरण! ज्या हायड्रोजनवर घट चालतो तो तिथेच नैसर्गिक वायूतून काढतात. त्यातला कार्बन हवेतच जातो. डिझेलच्या काजळीपेक्षा हे कितीतरी बरे, म्हणून खोटे बोलावे काय?

मग घट बसवूच नये? जरूर बसवावा, पण डिझेलचे जनित्र हलवू नये. पाहणीला येणाऱ्याने आधी अतिदक्षता कक्षात जावे, श्वासयंत्राची तार कोणत्या फळीवर जाते ते स्वतः पाहावे, वीज तुटल्यावर ती फळी कोण जिवंत ठेवतो ते लिहून घ्यावे. तिथून बॉयलरखोलीत. बिल जाताना कचेरीतून मागून न्यावे.