जमीन आपली, उधारीही आपली

गेल्या तालुका बैठकीत कपाशीसाठी दोन तास राखून ठेवले होते. बोंडअळी आणि सरकीचा भाव वीस मिनिटांत आटोपला. उरलेला सगळा वेळ एका कागदावर गेला. मागच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याने पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला आणि म्हणाला, "भाऊ, सौदा फसला तर नाही ना, एवढंच सांगा."

कागद असा. समृद्धी महामार्गाच्या बाहेर पडण्याच्या रस्त्याजवळ चार एकर. भाव एकरी ४० लाख, म्हणजे एकूण १ कोटी ६० लाख. इसार १० लाख. बाकीचे दीड कोटी १८ महिन्यांत, 'सोयीनुसार'. कब्जा आजच. आणि सोबत एक कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सह्या करण्याचा अधिकार दुसऱ्याला. गावात सगळे म्हणत होते, लॉटरी लागली.

मी त्याला विचारले, घेणाऱ्याकडे दीड कोटी आहेत का? तो म्हणाला, "असतीलच. मोठी गाडी आहे."

शेतकरी भावांनो, इथेच आपण चुकतो. त्या माणसाकडे दीड कोटी नाहीत, आणि असण्याची गरजही नाही. बँकही त्याला देत नाही. खाजगी बांधकाम व्यावसायिकाने नुसती जमीन विकत घ्यायची म्हटली तर बँकेने त्यासाठी कर्ज देऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. त्यामुळे जमिनीच्या धंद्यात पहिला पैसा नेहमी खाजगी असतो. अडत्याचा, कंत्राटदाराचा, निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेचे काय करावे या विचारात पडलेल्या एखाद्या नोकरदाराचा. हे लोक शेतकरी नसले तर परवानगीशिवाय त्यांना महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, म्हणून त्यांचे नाव सातबाऱ्यावर येत नाही. ते मागे राहतात, पुढे दलाल दिसतो.

या सौद्यातले दहा लाखही दलालाचे नव्हते. दोघांकडून पाच-पाच लाख, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने, असे गावातूनच कळले. आता पेन्सिल घ्या. दहा लाखांवर शेकडा दोनने १८ महिन्यांचे व्याज होते ३ लाख ६० हजार. ते त्या दोघांना मिळणार, कारण त्यांनी पैसे गुंतवले. आपल्या माणसाने किती गुंतवले? जमीन हातची गेली, कब्जा दिला, आणि दीड कोटी यायचे राहिले. म्हणजे त्याने दलालाला दीड कोटी उधार दिले. त्याच दराने १८ महिन्यांचे व्याज ५४ लाख. बँकेसारखे वर्षाला शेकडा बारा धरले तरी २७ लाख. कागदावर व्याजाचा शब्द नाही. दहा लाख लावणाऱ्याला व्याज, दीड कोटी लावणाऱ्याला चहा.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत आपले बाप गाड्या खाली करून चेकची वाट पाहत बसले होते. माल आज, पैसा मागाहून, आणि मधल्या काळाचे व्याज कोणाच्या हिशेबातच नाही. कापूस तरी दरवर्षी पिकतो. चार एकर पुन्हा पिकत नाहीत.

दलालाचा पुढचा हिशेबही समजून घ्या. चार एकर म्हणजे १ लाख ७४ हजार २४० चौरस फूट. रस्ते, मोकळी जागा सोडून साठ टक्के विकायला मिळाले, तर सुमारे १ लाख ४ हजार चौरस फूट. चौरस फुटाला ४०० रुपये धरा. चार कोटींच्या वर. खर्च आहे, परवानग्या आहेत, जोखीम आहे, हे मान्य. पण भूखंड घेणाऱ्यांकडून आधी बुकिंग घ्यायचे, त्याच पैशातून शेतकऱ्याला हप्ता द्यायचा, असा हा प्रकार. भाव चढला तर सौदा पुढे सरकवायचा. भाव पडला तर दहा लाख सोडून द्यायचे. म्हणजे दलालाची जोखीम दहा लाखांची, आपली चार एकरांची. इसार हा त्याने विकत घेतलेला वेळ आहे, आणि तो फार स्वस्तात घेतला आहे.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. ऐकून बरे वाटते. पण त्या कागदावर दुसऱ्याने केलेल्या सह्या तुमच्या नावाने होतात. उद्या भूखंडवाला कोर्टात गेला तर सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे हेच पाहील.

त्या भूखंडवाल्यांना हसू नका, तेही आपलेच. शेतजमिनीच्या नावावर गावोगावच्या बचती गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला सेबीने २०१४ साली ४९ हजार १०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमावी लागली. पैसे देणाऱ्यांत शेतमजूर होते, अंगणवाडीताई होत्या. त्यानंतर कायदे कडक झाले. ठरावीक मर्यादेहून मोठ्या भूखंडांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागते, आणि खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. म्हणून चतुर माणूस नोंदणीच्या आधीच, साध्या पावतीवर, पैसे उचलतो.

मग जमीन विकूच नये का? तसे मी म्हणणार नाही. कोरडवाहू चार एकरांत ज्वारी-कपाशी करून काय उरते ते मी कृषी विद्यापीठात शिकलो त्यापेक्षा तुमच्या बांधावर जास्त शिकलो. चांगला भाव मिळत असेल तर विकण्याचा हक्क तुमचा आहे, त्यावर कोणी रडगाणे गाऊ नये. मुद्दा एवढाच की विकणारा आणि उधार देणारा, या दोन वेगळ्या भूमिका आहेत, आणि दुसरीचे दाम वेगळे मागायचे असते.

हडपसरच्या शेतकऱ्यांनी हे ओळखले. पुण्याच्या हद्दीत त्यांची चारशेवर एकर सलग जमीन होती, सव्वाशेच्या आसपास कुटुंबे होती. शहर अंगावर येत होते, तुकड्या-तुकड्याने मागणी होती. त्यांनी तुकडे विकले नाहीत. सतीश मगर यांच्या पुढाकाराने स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि मगरपट्टा सिटी उभी केली. काम २००० साली सुरू झाले. मगर कृषी पदवीधर. आमच्या पदवीचा असाही उपयोग होतो. महत्त्वाचे हे की तिथे भांडवल शोधायला शेतकरी गेले, तेही स्वतःची जमीन हातात ठेवून. पैसेवाला त्यांच्या दारात भाव पाडायला बसला नाही.

आपले गाव हडपसर नव्हे. शेजारी पुणे नाही, संगणकाच्या कंपन्या नाहीत, भाऊबंदांत सलग जमीन नाही आणि भाऊबंदांत सलोखाही नाही. शिवाय प्रकल्पात हिस्सा घेतला की महारेराच्या नजरेत जमीनमालकही प्रवर्तक ठरतो. दलाल पळाला तर जबाब आपण द्यायचा. म्हणून नक्कल नको. पण कागद बदलता येतो. पूर्ण रक्कम येईपर्यंत कब्जा आणि पीक आपले. बाकी रकमेवर तारखेपासून व्याज, आणि तारखाही आकड्यात. सही खरेदीखतावर आपण स्वतः करायची. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले. आणि घेणाऱ्याला सरळ विचारायचे: बाकीचा पैसा कोणाचा, कोणत्या खात्यातून येणार? तो रागावला तर उत्तर मिळालेच.

त्या शेतकऱ्याच्या वावरात आता चुन्याच्या रेघा आणि दगडी खुंट आहेत. दोन हंगाम पेरणी नाही. घरची ज्वारी विकत आणली, कडबाही. मुदत येत्या दिवाळीला संपते. दलालाने आणखी एका वर्षाच्या मुदतवाढीचा कागद पाठवला आहे, सोबत मिठाईचा पुडा. पुडा मुलांनी खाल्ला. कागद त्याने बैठकीत माझ्याकडे दिला, आणि आम्ही दोघांनी तालुक्याच्या वकिलासमोर बसून त्यात व्याजाचे एक कलम लिहून परत पाठवले. उत्तर अजून आलेले नाही.

असे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी पुढच्या बैठकीला येताना झेरॉक्स आणावी, मूळ प्रत नव्हे.